पाकीट कोणाच्या खिशातून येते?

दवाखाना सुरू करून मला जेमतेम चार महिने झाले होते. महिन्याची पहिली तारीख होती. दुपारी रुग्ण संपल्यावर गावातल्या एका लॅबोरेटरीचा मुलगा आला, टेबलावर एक पांढरे पाकीट ठेवले आणि ‘मालकांनी पाठवलंय, साहेब’ एवढेच बोलून सायकलवरून निघून गेला. पाकिटात काही नोटा होत्या आणि एक चिठ्ठी होती. मी महिनाभरात तपासणीसाठी पाठवलेल्या रुग्णांची नावे त्या चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा होता.

त्यात जवळच्या वाडीवरच्या एका बाईंचे नाव होते. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाई. ताप हटत नव्हता म्हणून मी त्यांना रक्त तपासायला पाठवले होते. जाताना पदराची गाठ सोडून त्यांनी फी पुढे केली, तेव्हा मी मोठेपणाने म्हटले होते, ‘राहू द्या मावशी, पुढच्या वेळी बघू.’ माझी फी त्या वेळी १० रुपये होती. चिठ्ठीवर मावशींच्या नावापुढे २० रुपये लिहिले होते. म्हणजे मी माफ केलेल्या फीच्या दुप्पट रक्कम त्यांच्याच गाठीतून सुटून, लॅबोरेटरीमार्गे फिरून, माझ्या टेबलावर आली होती.

खरे सांगायचे तर ते पहिले पाकीट मी परत केले नाही. दवाखान्याचे भाडे थकले होते. दुसऱ्या महिन्यात मात्र पाकीट घेऊन मी स्वतः लॅबोरेटरीत गेलो आणि म्हटले, ‘हे मला नको, एवढे पैसे माझ्या रुग्णांना कमी लावा.’ मालक भला माणूस होता. तो शांतपणे म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही नाही घेतलेत तर ते माझ्याकडे राहतील. दरपत्रक सगळ्यांना एकच आहे. एकट्या तुमच्या पेशंटला कमी लावले तर बाकीचे डॉक्टर मला विचारतील.’ पुष्कळ वाद झाल्यावर असे ठरले की मी चिठ्ठीवर ‘सवलत’ असा शब्द लिहायचा आणि लॅबोरेटरीने तेवढी रक्कम कमी करायची. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. एका डॉक्टरने पाकीट नाकारले की त्याचे हात स्वच्छ राहतात, पण रुग्णाचा पैसा रुग्णाला परत मिळत नाही. त्यासाठी पद्धतच बदलावी लागते, आणि पद्धत कायद्याने बदलते.

या देवाणघेवाणीला आपल्याकडे ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. रुग्ण पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला मिळणारा वाटा म्हणजे कट. तो रक्ततपासणीवर असतो, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय यांवर असतो, आणि मोठ्या शहरातील शस्त्रक्रियेवरही असतो. याचेच दुसरे रूप म्हणजे डॉक्टरने स्वतःची मालकी किंवा भागीदारी असलेल्या तपासणी केंद्रात आपलेच रुग्ण पाठवणे. तेथे पाकीट येत नाही, नफ्यातला हिस्सा येतो. वाट वेगळी असली तरी पैसा त्याच खिशातून निघतो.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एका तपासणीचा दर ३,००० रुपये आहे आणि त्यातील ९०० रुपये पाठवणाऱ्याला द्यायचे आहेत. केंद्राच्या हाती २,१०० रुपये उरतात. त्यात यंत्राचा हप्ता, वीज, पगार आणि नफा बसवायचा. हे बसत नसेल तर केंद्रचालकापुढे तीनच मार्ग असतात: दर वाढवणे, तपासण्यांची संख्या वाढवणे किंवा दर्जा कमी करणे. तिन्ही मार्गांचा भार रुग्णावरच पडतो. ज्याला कर्ज काढून किंवा दागिना मोडून उपचार करावे लागतात, त्याच्यावर तो अधिक पडतो.

पण माझ्या मते खरे नुकसान पैशाचे नाही. डॉक्टर जेव्हा ‘ही तपासणी करून घ्या’ किंवा ‘अमक्या सर्जनकडे जा’ असे सांगतो, तेव्हा रुग्ण त्याच्याकडून एक निर्णय विकत घेत असतो. हा निर्णय केवळ आपल्या भल्यासाठी आहे, एवढीच त्याची अपेक्षा असते. मध्ये पाकीट आले की तो निर्णय डागाळतो. तपासणी गरजेची असली तरी संशय राहतो. आणि तो संशय वाढत गेला की रुग्ण गरजेची तपासणीही टाळतो. छातीत कळ येऊन गेलेला माणूस ‘डॉक्टर लोक उगीच पैसे काढतात’ म्हणून ईसीजी न काढता घरी जातो. कटचा हा बळी कोणत्याही हिशेबात येत नाही.

दुसरा बळी प्रामाणिक तरुण तज्ज्ञाचा. शिक्षण पूर्ण करून तो गावात येतो, उत्तम काम करतो, पण कोणालाच वाटा देत नाही. मग त्याच्याकडे चिठ्ठ्या येत नाहीत. वर्षभर तो रिकाम्या खुर्च्यांकडे पाहतो. त्यानंतर एकतर रीतीला शरण जातो, नाहीतर गाव सोडतो. दोन्ही वेळी नुकसान गावाचेच होते.

सगळे डॉक्टर असे नसतात, हे मला येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. एक रुपयाही न घेता आयुष्यभर व्यवसाय केलेले डॉक्टर मी जवळून पाहिले आहेत. हा लेख त्यांच्याही बाजूने आहे.

नियम काय सांगतो?

याविरुद्ध नियमच नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे विनियम केले. त्यातील ६.४ हे कलम स्वच्छ शब्दांत सांगते की रुग्ण पाठवण्याच्या, त्याची शिफारस करण्याच्या किंवा तो मिळवून देण्याच्या बदल्यात डॉक्टरने भेट, बक्षिसी, कमिशन किंवा बोनस देऊ नये, मागू नये आणि घेऊ नये. फीची वाटणी करण्यासही मनाई आहे. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यांनाही हाच नियम लागू आहे. डिसेंबर २००९ मध्ये त्यात औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि रोख रक्कम घेण्यावरील बंदीची भर पडली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम जाहीर केले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले आणि २००२ चेच विनियम पुन्हा लागू केले.

मग अडते कोठे? पहिली अडचण अशी की हा नियम फक्त डॉक्टरला बांधतो. दोषी डॉक्टरला परिषद ताकीद देऊ शकते किंवा नोंदवहीतून त्याचे नाव काही काळापुरते अथवा कायमचे काढू शकते. पण वाटा देणारे तपासणी केंद्र एखाद्या कंपनीचे असेल, रुग्णालय एखाद्या उद्योगपतीचे असेल, तर परिषदेचा हात तेथे पोचत नाही. रुग्ण आणून देणारा दलाल किंवा रुग्णवाहिकेचा चालक तर कोणत्याच नोंदवहीत नसतो. देणारा मोकळा आणि घेणाराच तेवढा दोषी, अशी ही रचना आहे. खरे तर हे दुकान देणारा चालवत असतो. त्याने देणे थांबवले तर घेणारा कोणाकडून घेणार?

दुसरी अडचण पुराव्याची. लाच मागितली तर ज्याच्याकडे मागितली त्याला ते कळते. कटमध्ये ज्याचा पैसा जातो त्या रुग्णाला काही दिसतच नाही. त्याच्या हातात पावती पूर्ण रकमेची असते. तक्रार करू शकतील अशी माणसे दोनच, देणारा आणि घेणारा, आणि दोघेही गप्प असतात.

ही शांतता मोडणारे एक नाव महाराष्ट्राला माहीत आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. विंचूदंशावरील त्यांच्या संशोधनाने कोकणातील कितीतरी जीव वाचले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल त्यांना १,२०० रुपयांचा धनादेश आला. ते गप्प बसले नाहीत. २०१३ साली त्यांनी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार केली. रोख रकमेऐवजी बँकेचा धनादेश यावा, म्हणजे देणाऱ्याला यात लपवण्यासारखे काही वाटतच नव्हते, हे मला त्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते. परिषदेने तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत लावावा, असे विनियमच सांगतात. पण तक्रार करणारे किती? एका बावस्करांच्या हिमतीवर सगळी व्यवस्था सुधारेल अशी अपेक्षा करणे म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

इतर देशांनी काय केले?

हा रोग आपल्याकडेच आहे असे नाही. इतरांनी त्यावर कोणते औषध काढले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत वृद्धांच्या उपचारांचा खर्च सरकार ‘मेडिकेअर’ या योजनेतून देते. १९८९ साली तेथील आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी पाहणी केली. ज्या डॉक्टरांची प्रयोगशाळेत मालकी किंवा गुंतवणूक होती, त्यांच्या रुग्णांच्या तपासण्या मेडिकेअरच्या सर्वसाधारण रुग्णांपेक्षा ४५ टक्के अधिक होत असल्याचे तीत आढळले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की स्वतःच्याच यंत्रावर तपासणी करणारे डॉक्टर, रुग्ण बाहेर पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या निदान चौपट वेळा एक्सरे, सोनोग्राफीसारख्या तपासण्या करतात. हे सगळे डॉक्टर लबाड होते, असे नव्हे. यंत्र आपले असले की तपासणी आवश्यक वाटू लागते, एवढेच. माणसाचा स्वभाव आहे.

पीट स्टार्क या कॅलिफोर्नियातील लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने १९८९ साली तेथे कायदा झाला. आज तो ‘स्टार्क कायदा’ याच नावाने ओळखला जातो. १ जानेवारी १९९२ पासून तो प्रथम प्रयोगशाळांना लागू झाला आणि पुढे इतर सेवांनाही. ज्या संस्थेशी डॉक्टरचे वा त्याच्या जवळच्या कुटुंबीयांचे आर्थिक संबंध आहेत, तेथे त्याने मेडिकेअरचा रुग्ण ठरावीक सेवांसाठी पाठवू नये, पाठवल्यास सरकार बिल देणार नाही, असे त्याचे सूत्र आहे. या कायद्यात हेतू विचारला जात नाही. ‘माझ्या मनात वाईट नव्हते’ हा बचाव तेथे चालत नाही. रोख वाट्याविरुद्धचा कायदा तर १९७२ पासूनच आहे. तो फौजदारी आहे, आणि देणारा व घेणारा दोघेही त्यात सापडतात. शिवाय सरकारची अशी फसवणूक उघड करणाऱ्या माणसाला वसूल झालेल्या रकमेतील १५ ते ३० टक्के वाटा मिळू शकतो. त्यामुळे हिशेबनीस आणि डॉक्टरही बोलायला पुढे येतात.

मात्र तेथील कायद्याला धार आहे, कारण पैसे देणारे सरकार स्वतःच्या तिजोरीची राखण करत असते. आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच पैसे मोजतो, आणि एकट्या रुग्णाच्या खिशाची राखण करायला कोणी नाही. म्हणून आपल्याला जर्मनीचे उदाहरण अधिक जवळचे वाटावे. तेथे २०१२ साली सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने निर्णय दिला की खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर हा सरकारी अधिकारी नाही, त्यामुळे लाचेचा तेव्हाचा कायदा त्याला लागू होत नाही. फट दिसली. ती फट २०१६ साली संसदेने फौजदारी कायद्यात दोन नवी कलमे घालून बुजवली. एक घेणाऱ्या डॉक्टरसाठी आणि दुसरे देणाऱ्यासाठी. दोघांनाही तीन वर्षांपर्यंत, गंभीर प्रकरणात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपणही या दिशेने एक पाऊल टाकले होते. २०१७ साली राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिस रोखण्यासाठी कायद्याचा मसुदा तयार झाला. लोकांकडून सूचनाही मागवल्या गेल्या. पण त्या मसुद्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

जे काम कायद्याने व्हायचे ते काही अंशी प्राप्तिकराच्या खटल्यांतून झाले आहे. डॉक्टरांना दिलेले कमिशन हा धंद्याचा खर्च आहे, तो उत्पन्नातून वजा करावा, असा दावा एका तपासणी केंद्राने केला होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो फेटाळला. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही एका औषध कंपनीच्या प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले. डॉक्टरांना जे घेण्यास मनाई आहे, ते देणाऱ्या कंपनीला करसवलत मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. अशा भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीत घातला जातो, हेही न्यायालयाने नोंदवले. या खटल्यांतून एक गोष्ट उघड झाली. वाटा देणारे तो आपल्या वहीत ‘खर्च’ म्हणून लिहीत होते. म्हणजे पुरावा नसतोच असे नाही. तो रुग्णाच्या हातात नसतो, देणाऱ्याच्या वहीत असतो. म्हणूनच कायदा देणाऱ्याच्या दारापर्यंत पोचला पाहिजे.

माझे म्हणणे असे आहे: २०१७ चा मसुदा पुन्हा बाहेर काढावा. देणारी कंपनी, रुग्णालय आणि दलाल यांनाही त्यात दोषी धरावे. डॉक्टरची जेथे भागीदारी आहे, त्या केंद्राची माहिती देणारा फलक त्याने दवाखान्यात लावणे सक्तीचे करावे. आणि तक्रार करणाऱ्या डॉक्टरला किंवा नोकराला संरक्षण द्यावे.

यावर माझे काही व्यवसायबंधू रागावतील. फौजदारी कायदा आला की खोट्या तक्रारी होतील, पोलिसांचा त्रास होईल, असे ते म्हणतील. ही भीती निराधार नाही. म्हणून तक्रारीची प्राथमिक छाननी जाणकारांनी करावी, हे मलाही मान्य आहे. दुसरा आक्षेप लहान गावांचा. तालुक्याला एकच एक्सरे यंत्र असेल आणि ते डॉक्टरचेच असेल, तर रुग्णाने पन्नास किलोमीटर जायचे काय? अजिबात नाही. अमेरिकेच्या कायद्यातही ग्रामीण भागासाठी अपवाद आहे. स्वतःचे यंत्र असणे हा गुन्हा नव्हे. ते लपवणे आणि गरज नसताना चालवणे यात दोष आहे.

आपण काय करावे?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. डॉक्टरने तपासणी सांगितली तर नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टर, या तपासणीने काय कळेल? रिपोर्ट वेगळा आला तर उपचार बदलतील का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तपासणी कोठे करायची हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषधे व तपासणीचे ठिकाण निवडण्याचा हक्क नोंदवलेला आहे. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्कही त्यात आहे. आपल्या राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. पुढच्या वेळी आत शिरताना भिंतीकडे नजर टाका. जुने रिपोर्ट जपून ठेवा म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरवर आहे. मात्र संशयापोटी सांगितलेली तपासणी परस्पर टाळू नका. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

आणि एक कडू गोष्ट, रागावू नका. आपण दवाखान्यात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, ‘नुसते तपासले, औषध तर दिले नाही, मग फी कसली?’ असे म्हणतो, आणि बाहेर जाऊन दोन हजारांची तपासणी मुकाट्याने करून येतो. डॉक्टरच्या विचाराला आपण किंमत देत नाही, यंत्राच्या कागदाला देतो. ज्या समाजाला सल्ल्याची फी जड वाटते, तेथे ती फी मागच्या दाराने वसूल होते. डॉक्टरची रास्त फी समोरासमोर द्या, पावती मागा, आणि मग ताठ मानेने प्रश्न विचारा.

त्या मावशी पुढेही कित्येक वर्षे माझ्याकडे येत राहिल्या. त्या पहिल्या वीस रुपयांचे मी त्यांना कधीच सांगितले नाही, तेवढे धैर्य मला झाले नाही. त्यांच्यापुढे दरवेळी चिठ्ठी लिहिताना मात्र हात क्षणभर थांबे आणि मी स्वतःला विचारी, ही तपासणी मी यांच्यासाठी लिहितो आहे ना? प्रत्येक डॉक्टरचा हात असा क्षणभर थांबावा, एवढ्यासाठीच हा कायदा हवा आहे.